कळशीशिवाय बसायची जागा

माय, हे मी बोलतेय आणि तुझी पणती लिहून घेतेय. तुला अक्षर येत नव्हतं, मलाही येत नाही, म्हणून तू होतीस तोवर आपल्या दोघींत कधी कागदाची गरज पडली नाही. आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी झालेय. तू गेलीस तेव्हा तुझ्या डोक्यात एखादाच पांढरा केस होता, माझ्या डोक्यात आता काळा शोधावा लागतो. अशा डोक्यानं तुला माय म्हणताना मलाच हसू येतं. शेजारी शेजारी बसलो असतो तर लोकांनी मला तुझी सासू समजलं असतं. लिहिणारी पोर माझ्या थोरल्याची लेक. शहर कसं वसवायचं, रस्ता कुठून न्यायचा, झाडं कुठं ठेवायची, असलं काही शिकून आलीय आणि इथंच नांदेडला एका कचेरीत नकाशे करते. मी तिला म्हणते, आपली गल्ली न शिकलेल्यांनी वसवली, म्हणून तर बैलगाडी आली की समोरच्याला कुणाच्या तरी घरात शिरावं लागायचं. ती म्हणते, आज्जी, तू बोल, पण मला टोमणे मारलेस तर तेही जसेच्या तसे लिहीन. लिही म्हटलं. माझ्या मायला माझी जीभ माहीत आहे.

सांगायचं आहे ते नदीचं. तू ज्या घाटावर पाण्याला जायचीस, त्याच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात टरबुजांच्या वाड्या असायच्या बघ. पुढं तिथं वीटभट्ट्या झाल्या, त्याही गेल्या, आणि आता त्या सगळ्या पट्ट्यात नवी वसाहत होतेय. घरं वरच्या बाजूला, आणि घरांच्या नि नदीच्या मधे बागा, पोरांना खेळायची जागा, चालायची वाट, झाडं. कुठं काय असावं ते सुचवायचं काम पोरीच्या कचेरीकडं आहे. मोकळी जागा ठरवावी लागते, याचंच मला आधी नवल वाटलं. आपल्या वेळी ज्या जागेचं कुणी काही ठरवलेलं नसायचं तिलाच मोकळी म्हणायचे. पोर म्हणाली, "आज्जी, आज कागदावर मोकळी म्हणून दाखवली नाही ना, तर उद्या तिथं पाय ठेवायला जागा राहणार नाही." हे मला पटलं, कारण त्या कागदावर माझाही एक तुकडा होता. माझा म्हणजे नावावरचा नव्हे, बसण्यातला. जुन्या भट्टीच्या जागेच्या कडेला दोन कडुलिंब उरलेत आणि त्यांच्याखाली दगडांचा ढासळलेला ओटा. दिवस कलला की आम्ही काही जणी तिथं जाऊन बसतो. बहुतेक माझ्यासारख्याच, नवरा गेलेल्या, आणि आपा. आपा म्हणजे चौकातल्या बांगड्यांच्या दुकानवाल्यांची म्हातारी. ती इथं नांदायला आली तेव्हा तू नव्हतीस, पण माझ्या तोंडून तुझं तिनं इतकं ऐकलंय की मी कुठं चुकले तर तीच मला दुरुस्त करते. तर या कडुलिंबाच्या तुकड्यावर गाड्या उभ्या करायच्या की तो बसायला सोडायचा, एवढं ठरायचं राहिलं होतं.

त्या ओट्यावर टेकले की मला तू दिसतेस. जिनिंगवरून सुटून यायचीस, केसांत कापसाचे तंतू, नाकात सरकीची धूळ, आणि घरात बसायच्या आधी कळशी उचलून घाटाकडं निघायचीस. मी मागं मागं. बाकीच्या बाया पाणी भरायच्या, चुंबळीवर चढवायच्या आणि वाटेला लागायच्या. तू भरलेली कळशी शेजारी ठेवायचीस आणि पायरीवर बसून राहायचीस. कुणी विचारलंच तर, "गढूळ हाय, निवळू द्यावं म्हणलं." चैतात नदी आरशासारखी, तळाचे गोटे दिसावेत अशी, तरी तुझं पाणी आपलं गढूळच. मी कळशीत डोकावून बघायचे, यात निवळायचं काय राहिलंय म्हणून. आत्ताही तुला बघतेच आहे मी: एकीकडं कळशीतलं पाणी निवळतंय आणि दुसरीकडं नदीतलं तू पायाच्या बोटांनी ढवळतेयस. दिवसभर कानाशी चिकटलेले तुझे खांदे हळूहळू खाली येतायत. मग कुणाची तरी चाहूल लागते आणि तू ताडकन उठतेस, जशी काही चोरी करताना सापडलीस.

एकदा मी एकटीच तिथं जाऊन बसले होते, हात हलवत. तू कामावरून परस्पर घाटावर आलीस आणि मला पाहून तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं घरात कुणी मेलं. "इथं काय करून राहिलीस गं रिकाम्या हातानं?" मी म्हटलं, "बसले." "बसले म्हंजी? कशाला?" तू माझं बखोट धरून उठवलंस आणि वाटेत सांगत राहिलीस की बाईमाणसानं असं उगं बसू न्हाई, पाण्याला आलीस तर बस, धुण्याला आलीस तर बस, देवाला आलीस तर लईच बस, पण उगं बसलेली बाई लोकाला बघवत न्हाई. आणि जिला नवरा न्हाई तिच्या लेकीनं तर मुळीच न्हाई. दोन दिवस तू माझ्याशी धड बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना पदराखाली काहीतरी झाकून आणलंस. पितळेची कळशी, माझ्या मापाची, एवढीशी. तिच्यात घरातल्या एका माणसाला पुरेल एवढंही पाणी मावलं नसतं. "घे," म्हणालीस, "आता बस कुठं बसायचं ते." मी लई दिवस तिला खेळणं समजत होते. तू मला बसायचा परवाना आणून दिला होतास, हे कळायला मला स्वतःची लेकरं व्हावी लागली.

दुसरं एक तुझं करणं होतं, ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. संक्रांतीला शेजारच्या बाया हळदीकुंकवाचं ताट घेऊन घरोघर फिरायच्या. आपल्या दारात पाऊल वाजलं की तू चुलीशी जायचीस आणि फुंकणी घेऊन फुंकायला लागायचीस. चूल चांगली धडधडत असायची. तू पेटलेल्या जाळाला फुंकत राहायचीस, बाया मला तिळगूळ देऊन निघून जाईपर्यंत. कुणी तुला वाईट बोललं नाही. कुणी बोलावंच लागू नये याची तू सोय करून ठेवली होतीस. माझा नवरा गेला तेव्हा मला कुणी काही शिकवलं नाही. ताट आलं की माझे पाय आपोआप आत वळायला लागले. आता घरात गॅस आहे. त्याला फुंकायची सोय नाही, म्हणून मी डबे पुसते.

तर सभा. कचेरीनं समाजमंदिरात लोकांना बोलावलं: या, नकाशा बघा, कुठं काय पाहिजे ते सांगा. मोठ्या टेबलावर नकाशा पसरला होता. नदी निळी काढली होती. मी पोरीला म्हटलं, गोदावरी निळी कुणी पाहिली? ती म्हणाली, आज्जी, आज गप्प बस. तिच्याबरोबर तिचे साहेब होते, लातूरकडचे, शांत माणूस. त्यांनी सगळ्यांना समजावलं की वाचायची गरज नाही, बोटानं दाखवतो. हे झाड, ही वाट, हा पाण्याचा काठ. तुम्हाला जिथं बसावंसं, खेळावंसं, फिरावंसं वाटतं तिथं खूण लावा, एकानं एकच. जिथं खुणा पडतील ती जागा आम्ही धरून ठेवू. "आमच्याकडं लातूरला पाण्याच्या काठी बसायचं म्हटलं तर टाकीखाली बसावं लागतं," म्हणाले. लोक हसले. मग खुणा कुठायत म्हणून बघितलं तर खुणांचे गोल कागद कचेरीतच राहिलेले. तुझी पणती माझीच नात. शेंदूर आणायला गेली तर मारुती विसरून येईल. पण हार मानणारी नाही. पळत चौकात गेली आणि आपाच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं घेऊन आली. माय, तुझ्या वेळी कुंकवाचा करंडा होता, आता त्या जागी टिकली आलीय: लाल गोल, मागं गोंद, कपाळावर दाबली की झालं. कागदावरही चिकटते. पोरीनं ताटात टिकल्या ओतल्या आणि ताट फिरवायला लागली.

सुनांनी, पोरींनी हसत हसत टिकल्या उचलल्या. कुणी झोपाळ्यापाशी लावली, कुणी खायच्या गाड्यांपाशी, कुणी दिव्यांच्या वाटेवर. पुरुष मात्र लाजले. एकानं म्हटलं, "साहेब, आम्हाला पेन द्या, हे बायकी काम." मग त्यांनी पेनानं गोल काढले. ताट आमच्या बाजूला आलं. आम्ही सगळ्या ओट्यावरच्या बाया भिंतीला लागून सतरंजीवर बसलो होतो. ताट आलं तसं सगळ्यांचं अंग मागं सरलं. कुणी पदर नीट करायला लागली, कुणी खिडकीतून बाहेर काय दिसतं ते बघायला लागली. तिथं डबे असते तर मी पुसायला घेतले असते. पोर माझ्यासमोर वाकली, "आज्जी, घे ना." मी दात आवळून म्हटलं, "ठेव ते तिकडं. चारचौघांत काय माझं हसं करून राहिलीस?" तिला काही उमगलं नाही. आपाकडं गेली, तर आपा म्हणाली, "नक्को बेटा, हमारे में नै लगाते." पोरीचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी आम्हाला पेन पुढं केलं. मी म्हटलं, "साहेब, पेन धरता येत असतं तर तुमच्या खुर्चीत मी बसले असते." तेही हसले, आणि पेन परत खिशात गेलं.

मग नकाशा बघितला तर सगळीकडं लालच लाल, आणि कडुलिंबाच्या तुकड्यावर काही नाही. कोरा. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि आपल्या माणसाला म्हणाले, "इथं कुणाची मागणी दिसत नाही. गाड्या इथं घेता येतील." त्यांनी वाईट मनानं म्हटलं नाही; त्यांच्यासमोर जे होतं तेच म्हणाले. आम्ही ज्या जागेवर रोज बसतो, तिच्यावर आमच्याच डोळ्यांदेखत गाड्या चढत होत्या, आणि आम्ही सगळ्या खिडकीतून बाहेर बघत होतो. माय, तुला खरं सांगते, मला उठावंसं वाटलं आणि उठता येईना. हात माझा, पण त्याला धरून तू बसली होतीस. तुला दोष देत नाही. तुझ्या हाताला धरून तुझी माय बसली असेल.

पोर मात्र नकाशाकडं बघत होती. मग भिंतीकडं. मग ताटाकडं. तिचा चेहरा बदलत गेला ते मी बघितलं. कुणी सांगायच्या आधी तिचं तिलाच कळलं. ती आमच्यासमोर खाली सतरंजीवर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, माझं चुकलं. पण ही टिकली नाही गं. हे तुझं म्हणणं आहे." मी म्हटलं, "मग माझं म्हणणं टिकलीसारखं कशाला केलंस? चौकोनी करायचं होतंस." माझ्या शेजारची म्हातारी पदरात तोंड घालून म्हणाली, "आता ह्या वयात कपाळाचं नाव नको काढू पोरी, लोकं बघतेत."

तेव्हा आपा उठली. गुडघ्यावर हात देऊन, अल्ला म्हणत, तिला उठायला लागतो तेवढा वेळ घेऊन. ताटातून तिनं एक टिकली उचलली, नखानं मागचा कागद सोलला. जन्मभर गिऱ्हाइकांना दाखवत आलीय, तिचा हात काय चुकणार. म्हणाली, "जिंदगीभर बेची मैं, एक नै लगाई. पर ये कागद है. इस कागद का मियाँ नै मरा, और इसकी शादी बी नै हुई. इसको लगाने में किसका क्या जाता?" आणि टेबलापाशी जाऊन, "बेटा, नीम किधर है?" साहेबांनी बोट दाखवलं, तिनं अंगठ्यानं दाबून टिकली लावली. मग मागं वळून आम्हाला, "बैठो तुम. मैं अकेली बैठती कल से वहाँ, गाड़ियाँ गिनते." अख्खं समाजमंदिर हसलं. शेजारची म्हातारी पदरातनं तोंड काढून म्हणाली, "लई शहाणी हाय ही. मला उठवा गं." आणि आम्ही उठलो. साहेबांचा माणूस टेबल आवरायला लागला होता, त्याला साहेब म्हणाले, "थांबा. घाई नाही. नकाशा गुंडाळायचा नाही अजून." एकेक बाई पुढं जाते, टिकली उचलताना इकडं तिकडं बघते, आणि कागदावर अशी अलगद ठेवते जशी काही लेकराच्या कपाळाला लावतेय. मी शेवटी राहिले. साहेब म्हणाले, "बोला आजी, काय पाहिजे इथं?" मी म्हटलं, "काही नको. बाई रिकाम्या हातानं येऊन बसली तर का बसलीस म्हणून कुणी विचारायला नको, एवढं असलं तर बघा." ते म्हणाले, "ते नकाशात दाखवता येत नाही आजी. पण जागा ठेवता येईल." मला हा माणूस आवडला. जेवढं जमतं तेवढंच बोलला.

त्यानंतर काही सगळं माझ्या मनासारखं झालं असं समजू नको. पोरीनं नकाशात पाठ टेकायची बाकं काढली होती, ती मी हाणून पाडली. आपल्याला पाय वर घेऊन बसायला रुंद कट्टा लागतो, बाकावर पाय लोंबकळून मुंग्या येतात. हे तिनं ऐकलं. पण मला कट्टा पाण्याच्या अगदी काठाशी हवा होता, ते तिनं साफ नाकारलं. नदी कुठवर चढते याची रेघ असते म्हणे, तिच्या आत पक्कं काही बांधायचं नाही, फक्त माती आणि गवत. मी चार दिवस फुगून बसले. नदी मला शिकवतेस का म्हटलं. मग भादव्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं, आणि मी जिथं बोट दाखवलं होतं तिथं दोन दिवस नुसता लाल गढूळ पसारा, त्यात कुणाची तरी चप्पल तरंगत होती. पोरीनं मला नदीकडच्या खिडकीशी नेऊन उभं केलं तेवढंच. आणि संडासाचं तर आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ते तिनंच काढलं: "तुम्ही अंधार पडायच्या आधी घरी का पळता, मला माहीत आहे." खरं होतं. आम्हाला वाटायचं आम्ही संसारासाठी उठतो.

वरून मंजुरी आली. परवा पोर मला आणि आपाला तिकडं घेऊन गेली. कडुलिंब जागेवर आहेत, त्यांच्याभोवती चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा मारल्यात. हा कट्टा, ही वाट, इथं रोपं, तिथं पाण्याचा नळ. आपा रेघेच्या आत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बैठक तो बड़ी है गे." मग आम्ही रेघेतच खाली मातीत बसलो. वाटेनं एक तरुण बाई आली, कडेवर लेकरू, हातात पिशवी नाही, काही नाही. बहुधा वरच्या घरांच्या कामावरची असेल. थांबली, लेकरू खाली सोडलं, आमच्यापासून थोडी लांब बसली आणि नदीकडं बघत राहिली. मला लई वाटलं विचारावं, कुठली गं तू, कशाला आलीस. जिभेच्या टोकापर्यंत आलं. आपानं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी विचारलं नाही. तिच्या लेकरानं फक्कीची रेघ पायानं पुसली, ती नंतर आम्ही मातीनंच नीट केली.

आता पोर विचारतेय, आज्जी, पत्ता काय घालू. मी म्हटलं, पत्ता असता तर मी स्वतःच आले असते. घडी कर आणि ठेव. पण घडी करायच्या आधी एक राहिलंय, ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. सभेत साहेबांनी एकीला एक म्हणून सांगितलं होतं. मी टिकल्या दोन घेतल्या होत्या. बोटाला बोट लावून, कुणाला दिसू दिल्या नाहीत. एक माझी लावली, आणि तिला लागून दुसरी तुझी. हे ऐकून पोर लिहायची थांबलीय आणि माझ्याकडं बघतेय. म्हणते, आज्जी, निकालाला काही फरक पडत नाही, पण मोजणी ती मोजणी, एक कमी करावी लागेल. मी तिला सांगितलंय, कमी करायचीच असेल तर माझी कर.